मोठ्या ग्राहकाने शाश्वतता आराखडा मागितला आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत वडिलांनी उभा केलेला फोर्जिंग (तापवलेलं पोलाद ठोकून आकार देणं) आणि मशिनिंगचा कारखाना आहे. कामगार 140, त्यांतले निम्म्याहून जास्त ठेकेदाराचे. वाहन उद्योगातल्या एका मोठ्या ग्राहकाने 40 प्रश्नांचा फॉर्म पाठवला आहे: कार्बन किती, पाणी किती, कचरा कुठे जातो, 'शाश्वतता आराखडा सोबत जोडावा'. एक सल्लागार 6 लाखांत तयार अहवाल करून द्यायला तयार आहे. बाबांचं म्हणणं, ही मोठ्या कंपन्यांची कामं, आपल्याला परवडणारी नाहीत. विचारणाऱ्या ताईंना जाणून घ्यायचंय की अहवाल करून घ्यावा की नाही, आणि नाही तर मग काय करावं.

मी गेली 27 वर्षं हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात कारखान्यांचं ऊर्जेचं आणि पाण्याचं ऑडिट करतो. माझं उत्तर सरळ आहे. तो अहवाल आत्ता घेऊ नका. आधी चार महिने स्वतःचे आकडे जमा करा. आकडे नसताना केलेला अहवाल दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा असतो, त्यावर फक्त तुमचं नाव येतं. असे अहवाल मी बऱ्याच ऑफिसांच्या कपाटांत पाहिले आहेत. त्यांत भट्टीचं पान असतं, पण भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

बाबांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते झटकून टाकू नका. कर्जाचा व्याजदर दोन आकडी, ग्राहकाकडून पैसे यायला तीन-तीन महिने, आणि दरवर्षी भाव कमी करून द्या हा आग्रह. अशा कारखान्याला युरोपातल्या कंपनीची योजना उचलून लावता येत नाही. पण ही मागणी येऊन जाणारी नाही, हेही त्यांना सांगा. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून बाजार नियामक सेबीचा बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक आहे, आणि आता त्या आपल्या पुरवठादारांकडेही आकडे मागू लागल्या आहेत. तुमचा माल नट-बोल्टसारखा असेल आणि थेट युरोपात जात असेल, तर तिथला कार्बन शुल्काचा नियम, सीबॅम, लागू होतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून त्यात फक्त आकडे कळवायचे होते, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा भाग सुरू झाला. तुम्ही आत्ता फक्त देशातल्या ग्राहकाला देत असलात, तरी तो पुढे निर्यात करतो का, हे एकदा विचारून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. फोर्जिंगच्या कारखान्यात पहिला आकडा एकच: एक टन माल तापवायला किती लिटर तेल जळतं.

एक टन पोलाद 1200 अंशांपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढी साधारण 21 लिटर फर्नेस ऑइलमध्ये असते. हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, त्यात बदल होत नाही. आपल्या भागातल्या तेलाच्या भट्ट्यांवर मी टनाला 100 लिटर पाहिले आहेत, 130 पाहिले आहेत, एका ठिकाणी त्याहूनही जास्त. म्हणजे पाचातले चार लिटर धुराड्यातून, दारातून आणि विटांतून निघून जातात. तुमचा आकडा किती, हे तुम्हाला आज माहीत नसणार, कारण तेलाची नोंद अकाउंटमध्ये टँकरच्या बिलावर होते आणि मालाची नोंद उत्पादनाच्या वहीत होते. या दोन वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. डे-टँकवर (भट्टीला तेल देणाऱ्या छोट्या टाकीवर) शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी डिपस्टिक टाका, त्या शिफ्टमध्ये किती किलो बिलेट (पोलादाचे कापलेले तुकडे) भट्टीत गेले ते बाजूला लिहा. एका रेघेची वही. महिनाभर एवढंच करा.

महिन्यानंतर त्या वहीत काय दिसेल, ते मी आधीच सांगू शकतो. काही दिवशी 90 लिटर, काही दिवशी 150. बर्नर तोच, तेल तेच. मग फरक कशाने पडला? जास्त खपाच्या दिवशी हॅमर, म्हणजे माल ठोकणारं मशीन, थांबलेला असतो. डाय (आकार देणारा साचा) बदलायला तीन तास लागले, किंवा हॅमरचा दांडा गेला, आणि भट्टी मात्र पूर्ण आगीवर चालू राहिली. भट्टीवाल्याला कुणी सांगितलं नाही की अजून दोन तास माल लागणार नाही, म्हणून त्याने आग खाली आणली नाही. आत पडलेले बिलेट तेवढा वेळ भाजत राहिले आणि त्यांवर पापुद्रा चढला. ज्याला आपण स्केल म्हणतो, तो जळून गेलेला पोलादच आहे. तेलाच्या भट्टीत दोन-तीन टक्के माल असा जातो, थांबण्याच्या दिवशी त्याहून जास्त. नवा बर्नर किंवा रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारं यंत्र) घ्यायच्या आधी हॅमर आणि भट्टी यांच्यात निरोप पोचवायची पद्धत लावा. डाय बदलायचं वेळापत्रक भट्टीवाल्याच्या हातात आदल्या दिवशी असलं पाहिजे. याला खर्च नाही, पण उत्पादन आणि मेंटेनन्सच्या माणसांना एकत्र बसवावं लागतं, आणि ते काम मालकच करू शकतो.

दुसरा आकडा कच्च्या मालाचा, आणि कार्बनच्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा. समजा तुम्ही महिन्याला 250 टन पोलाद घेता. आपल्या देशात झोतभट्टीत बनलेल्या एका टन पोलादामागे दोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. म्हणजे तुमच्या गेटमधून माल आत येतो तेव्हाच 500 ते 625 टन त्याच्या पाठीवर असतात. आता तुमचं तेल: टनाला 100 लिटर धरलं तर 25,000 लिटर, लिटरला सुमारे 3 किलो, एकूण 75 टन. वीज 1,20,000 युनिट धरा. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे 84 टन. तिन्ही आकडे शेजारी मांडले की लक्ष कुठे द्यायचं ते दिसतं. फोर्जिंगच्या कडेने निघणारा फ्लॅश, कापताना उरणारे तुकडे, नापास होऊन परत आलेले नग यांत दोन टक्के वाचवले तर महिन्याला 5 टन पोलाद कमी विकत घ्यावं लागेल. भंगार पुन्हा वितळून वापरात येतं हे खरं, त्यामुळे सगळाच कार्बन वाचला असं लिहू नका. पण तुम्ही घेतलेला भाव आणि भंगारवाल्याने दिलेला भाव यांतला फरक तर थेट तुमच्या खिशातून जातो. डायच्या डिझाइनवर आणि बिलेटच्या कटिंग वजनावर पंधरा दिवस खर्च करा. ग्राहकाच्या फॉर्ममध्ये याला रकाना नसेल, तरी आराखड्यात ते पहिलं लिहा. पोलाद घेताना ते भंगारापासून विजेच्या भट्टीत बनलंय की झोतभट्टीत, हे सर्टिफिकेटवर लिहून मागा. ग्राहकाचं ग्रेड चालत असेल तर नुसत्या खरेदीच्या निर्णयाने आकडा बराच उतरतो.

तिसरी गोष्ट दाबाची हवा, म्हणजे ती बनवणारा कॉम्प्रेसर. इथे एक प्रसंग सांगतो, कारण शाश्वततेत माणसाचा भाग कुठे येतो हे मला तिथे नीट कळलं.

बुटीबोरीतला एक कारखाना होता, नाव नको. मे महिना, दुपारचे दोन. 50 अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर. आदल्या रविवारी आम्ही सगळ्या मशीन बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालवला होता. तो 110 सेकंद लोड व्हायचा, म्हणजे हवा भरायचा, आणि 200 सेकंद अनलोड, म्हणजे हवा न भरता राहायचा. एकही मशीन हवा घेत नसताना लोड व्हायचं कारण एकच, गळती. 310 मधले 110, म्हणजे 35 टक्के हवा नुसती फुसफुसून जात होती. गळत्या शोधायला सोमवारी शेडमध्ये फिरताना हॅमरच्या कोपऱ्यात एक पाइप उघडा दिसला. त्याचं तोंड तारेने खांबाला बांधलेलं आणि हवा थेट ऑपरेटरच्या पाठीवर. मी म्हटलं, भाऊ, हा बंद का नाही करत? तो म्हणाला, "बंद कसा करू साहेब, पंखा जळून दोन महिने झाले. या हवेवरच उभा राहतो मी."

पंख्याची मोटर रिवाइंडिंगच्या (तारा नव्याने गुंडाळण्याच्या) मंजुरीसाठी परचेसमध्ये पडून होती. 6 मिलिमीटरच्या भोकातून 7 बार दाबाची हवा सतत सुटत असेल, तर ती भरून काढायला कॉम्प्रेसर 12-13 किलोवॉट खातो. शेडचा मोठा पंखा एक किलोवॉटच्या आत चालतो. शिवाय दाबाची हवा अंगावर घेणं धोक्याचं, डोळा किंवा कान जाऊ शकतो. मी त्या दिवशी गळत्यांची यादी बाजूला ठेवली आणि मालकांना घेऊन त्या कोपऱ्यात दहा मिनिटं उभा राहिलो. पंखा दुसऱ्या दिवशी आला.

म्हणून तुमच्या आराखड्यात उन्हाळ्याचं पान वेगळं ठेवा, आणि ते पुढच्या बाजूला ठेवा. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदले गेले. बाहेर 45 असताना भट्टीसमोर काय होत असेल, ते तुमचे कामगार रोज अंगावर घेतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तापवण्याचं काम पहाटे आणि रात्री घ्या, दुपारी 12 ते 4 मशिनिंग आणि मेंटेनन्स ठेवा. भट्टीच्या दाराला पत्र्याचा दुहेरी आडोसा लावा, त्याने ऑपरेटरलाही बरं वाटतं आणि तेलही वाचतं. पाणी, मीठ-साखर, सावलीत बसायची जागा आणि तिथे बसल्याबद्दल पगार न कापण्याचा लेखी नियम, हे सगळं ठेकेदाराच्या माणसांनाही लागू करा. निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराची असताना फक्त कायम कामगारांचा हिशेब ग्राहकाला देऊ नका. ती माणसं तुमच्याच शेडमध्ये उभी असतात.

पाण्याबद्दल. 2019 च्या जुलैत तोतलाडोह धरण आटलं आणि नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी मिळालं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कोराडीच्या वीज केंद्राला शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी दिलं जातं, म्हणजे एवढं मोठं केंद्रसुद्धा फक्त धरणावर विसंबत नाही. तुमच्याकडे पाणी मुख्यतः क्वेंचिंग (तापलेला माल बुडवून झटकन थंड करणं), कूलिंग टॉवर आणि संडास-कँटीन यांत जातं. तीन ठिकाणी तीन मीटर बसवा, काही हजारांत होतात. बहुतेक ठिकाणी कूलिंग टॉवरचा फ्लोट व्हॉल्व्ह बिघडलेला असतो आणि रात्रभर पाणी ओसंडून गटारात जात असतं.

छतावरच्या पावसाचं पाणी जरूर साठवा. 3,000 चौरस मीटर पत्र्यावर आपल्याकडच्या साधारण 1,000 मिलिमीटर पावसाचे 24 लाख लिटर हाती लागतात, वाया जाणारं धरूनसुद्धा. पण एका बाबतीत मी फार कडक आहे: आवारातलं पाणी बोअरमध्ये सोडू नका. फोर्जिंगच्या आवारात तेल, स्केल आणि काजळी पडलेली असते. ते पाणी 'पुनर्भरण' म्हणून जमिनीत गेलं तर पलीकडच्या वस्तीची बोअर खराब होईल आणि ती पुन्हा सुधारता येणार नाही. फक्त छताचं पाणी, तेही पहिल्या दोन पावसांचं सोडून, गाळणीतून.

आता आराखडा म्हणजे नक्की काय, याकडे येतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

कारखान्यात मोठे निर्णय मीटिंगमध्ये होत नाहीत, मशीन बंद पडते तेव्हा होतात. रात्री दोनला 30 अश्वशक्तीची मोटर जळते. शिफ्ट इनचार्ज ती सकाळी रिवाइंडिंगला पाठवतो, संध्याकाळी परत बसवतो. चौथ्यांदा गुंडाळलेली मोटर पूर्वीइतकंच काम करायला जास्त वीज घेते, पण त्या वेळी कुणी अहवाल उघडून पाहत नाही, आणि पाहण्याची अपेक्षाही चुकीची आहे, ग्राहकाचा माल अडलेला असतो. म्हणून तो निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो. स्टोअरच्या भिंतीवर एक तक्ता लावा: कुठली मोटर किती वेळा गुंडाळली, कुठली आता जळाली तर सरळ आयई3 (कमी वीज खाणाऱ्या वर्गातली) घ्यायची, आणि ती कुणाच्या सहीने लगेच मागवता येईल. दोन-तीन नेहमीच्या मापाच्या मोटर स्टोअरमध्ये आणून ठेवा. भट्टीचं अस्तर पुढच्या वेळी उतरवाल तेव्हा विटांच्या जागी सिरॅमिक फायबर कुठे बसेल, कॉम्प्रेसर बदलाल तेव्हा कुठला, फोर्कलिफ्ट डिझेलचा संपला की बॅटरीचा का, हे सगळं आज शांतपणे ठरवा. आपल्यासारख्या कारखान्याला वेगळं 'हरित भांडवल' काढणं अवघड असतं. पण जी वस्तू तशीही बदलायची आहे, तिच्या वेळी फक्त वरचा फरक मोजावा लागतो, आणि तो एक-दोन वर्षांत वसूल होतो. माझ्या मते अशा दहा-बारा ओळींचा तक्ता हाच तुमचा आराखडा. तो मेंटेनन्सच्या वार्षिक बजेटात शिरला की टिकतो.

सोलर जरूर घ्या, पण वरची कामं झाल्यावर. नागपुरात एक किलोवॉटमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट मिळतात. छत सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर आधी ढाचा तपासून घ्या, त्या पत्र्यावर माणूस चढवायचा नाही. भट्टीच्या धुराड्याची काजळी पॅनलवर बसते, तेव्हा वाऱ्याची दिशा पाहून जागा ठरवा आणि धुण्याचं पाणी हिशेबात धरा. गळकी हवा आणि जळक्या मोटर तशाच ठेवून सोलर बसवलं तर गरजेपेक्षा मोठा संच विकत घेतला जातो.

झाडांचं मी फार लिहीत नाही. जूनमध्ये शंभर रोपं लावली आणि मेमध्ये पाणी घालायला माणूस नेमला नाही, तर ती जगत नाहीत. वीस लावा आणि माळ्याचा तीन वर्षांचा पगार धरा.

कायद्याचं काम मात्र आराखड्याआधी नीट करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र फाइलमधून काढा आणि त्यात लिहिलेलं उत्पादन, इंधन आणि पाणी आजच्या प्रत्यक्षाशी जुळतं का ते पाहा. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत फॉर्म 5 चं पर्यावरण विवरण जातं, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत. फॉर्म 5 मध्ये टनामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला, हे विचारलेलंच आहे. ग्राहकाच्या 40 प्रश्नांतले बरेचसे त्यातच येतात. बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीची प्रत आकडे थोडे बदलून पुढे जाते. यंदा तो फॉर्म खऱ्या वहीवरून भरा. आणि क्वेंचचं, हायड्रॉलिकचं जुनं तेल कुठे जातं ते स्वतः उभं राहून बघा. टेम्पो घेऊन रोख पैसे देणारा माणूस ते नेत असेल तर ते आजच थांबवा. अधिकृत प्रक्रिया केंद्राला मॅनिफेस्टवर (घातक कचरा कुठून कुठे गेला त्याच्या नोंदपत्रावर) द्या, 90 दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. बाकी सगळं उत्तम असून या एका बॅरलपायी ग्राहक गेलेला मी पाहिला आहे.

ग्राहकाला काय उत्तर द्यायचं? ज्या प्रश्नांचे आकडे आहेत ते बिलांवरून भरा: वर्षाची वीज, तेल, डीजीचं (जनरेटरचं) डिझेल (लिटरला 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड), एलपीजी (किलोला साधारण 3 किलो). जे मोजलेलं नाही तिथे 'मोजमाप अमुक तारखेपासून सुरू' असं लिहा, आणि त्या तारखेला खरंच सुरू करा. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या वर्षी तुमच्याच मानेवर बसतो, कारण सुधारणा त्याच्याशी ताडून पाहिली जाते. मोठ्या ग्राहकांच्या तपासणी पथकाबरोबर मी बरेचदा बसलो आहे. मोकळा रकाना ते समजून घेतात. वीज बिलाशी न जुळणारा आकडा दिसला की मात्र उरलेला सगळा फॉर्म संशयाने वाचतात.

सल्लागाराला नाही म्हणा असं मी सांगत नाही. त्याला चार महिन्यांनी, वही भरल्यावर बोलवा, आणि 6 लाखांचा अहवाल न मागता दोन ठरावीक कामं द्या: धुराड्यातला ऑक्सिजन मोजून बर्नरची हवा बसवून देणं, आणि भट्टीच्या अस्तराचा हिशेब. नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे, 1958 पासून. सांडपाण्याचा अवघड प्रश्न आला तर त्यांच्याकडे जायला संकोच करू नका.

आणि बाबांना या येत्या रविवारी कारखान्यावर घेऊन जा. सगळ्या मशीन बंद ठेवा, कॉम्प्रेसर चालू करा, घड्याळ त्यांच्या हातात द्या. लोड झाला की वेळ, अनलोड झाला की वेळ, असे पाच फेरे त्यांनाच लिहू द्या. मग शांत शेडमधून एक चक्कर मारा. गळत्या कानांनी ऐकू येतात, प्रत्येकीवर खडूने खूण करत जा. सोमवारी सकाळी फिटरच्या हातात क्लॅम्प, टेप आणि नवे कपलिंग द्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच घड्याळ लावा. दोन्ही रविवारचे आकडे इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.